चौकोनी खड्डा

अल धैदच्या नर्सरीत पहाटे साडेचारला
शमसुल कडुनिंबाची बादली आडवी करतो.
हळू. खोडाला धरून ओढायचं नाही,
रेडकाला कुणी शेपटीनं ओढतं का?
कडेकडेनं थापट्या मार,
सुटली की हुंडी आपसूक बाहेर येईल.

हुंडी म्हटल्यावर तो हसला.
त्याच्याकडे हुंडी म्हणजे घरी पाठवायचे पैसे.
आम्ही दापोलीला मुळांसकट मातीच्या गोळ्याला म्हणायचो.

आली बाहेर.
माती दिसतच नाही. नुसतं मुळावर मूळ,
सुंभाच्या वेटोळ्यासारखं घट्ट,
बादलीच्या तळाचे उठावदार आकडेसुद्धा
उलटे छापून घेतलेले अंगावर.

वरची चार बोटं माती खरवडली.
खोड जिथं पसरून मूळ होतं
ती जागा खोल गाडलेली.
कुणीतरी घाईत गळ्यापर्यंत भरलं होतं.
आत अजून एक वेटोळं, तांब्याएवढं,
त्याच्या आत आणखी एक, चहाच्या कपाएवढं.
कुंड्या बदलत गेल्या, वळण तेच.

करवत पुढे केली. शमसुल मागे सरला.
"भाई, ये तो जान है इसका."
मुळावर उठणं म्हणजे काय, हे त्याला कसं सांगू?
नाही कापलं तर हेच मूळ
सात-आठ वर्षांनी खोडाला आवळेल,
आणि ऐन बहरात, एका वाऱ्यात,
झाड आडवं होईल कुणाच्या तरी गाडीवर.

चार बाजूंनी चार उभे काप, तळ सपाट उडवला.
पाडव्याच्या सकाळी जिभेवर येतो
तो कडू वास हवेत.
मग ओलं गोणपाट, त्यावर पाइप.

"आपको कितना साल हुआ?"
म्हटलं, ही तिसरी कंपनी.
त्यानं पुढं विचारलं नाही.

कापलेलं एक मूळ वाळूवर राहिलं होतं,
मनगटाएवढं कडं.
दुपारी पाहिलं, सुकलेलं.
तरी गोलच.

संध्याकाळी व्हिलाच्या फाटकाशी
मजुरांनी खड्डा तयार ठेवलेला,
सुबक, गोल, भांड्यासारखा.
मी कुदळ घेऊन त्याला चार कोपरे काढले.
गोल छान दिसत होता, बाई गच्चीतून म्हणाल्या.

पंधरा दिवस पानं गाळील, मी म्हटलं, गाळू दे.
कोपऱ्यात अडलं की मूळ बाहेर घुसतं.
गोल खड्ड्यात
त्याला अजून बादलीच वाटत राहते.