कानाचा खडा

माशाच्या कानात एक खडा असतो.
करंगळीच्या नखाएवढा, कडेला खडबडीत.
त्याच्या जोरावर मासा तोल धरतो
आठशे मीटर खाली, जिथे उन्हाळासुद्धा
नुसता ऐकू येतो.

मी तो काढते. पगारी काम आहे.
हॅलिबट पालथा घालायचा,
त्याचा एक डोळा कपाळावर सरकलेला,
जणू वर कोण उभं आहे ते बघायला.
त्या डोळ्याकडे न बघता सुरी आडवी चालवायची,
कवटीचं झाकण उघडायचं, चिमट्याने दोन खडे:
उजवा पाकिटात, डावा ग्लिसरीनच्या थेंबात.
मग सूक्ष्मदर्शकाखाली वर्षं मोजायची.
रुंद, दुधाळ पट्टा उन्हाळ्याचा.
बारीक, काचेसारखा, हिवाळ्याचा.
ट्रोम्सोहून आलेली टुरिड ज्या खड्यात चौदा मोजते
त्याच खड्यात मी सोळा.
भांडतो, कॉफी करतो, पुन्हा मोजतो.
चौदा आणि सोळा यांच्या मधल्या फटीत
अख्ख्या उपर्नाविकचा कोटा बसलेला असतो.

युआकामामा हे ऐकून हसतो.
तो बर्फाला भोक पाडून दोर सोडतो,
कुत्री शेपटीत नाक खुपसून झोपतात, तो थांबतो.
म्हणतो, "मासा नाही गं कमी झाला, बर्फ कमी झालाय.
पूर्वी जूनपर्यंत स्लेज जायची.
आता एप्रिल उजाडला की पायाखाली पाणी बोलायला लागतं.
तुझ्या तक्त्यात याचा रकाना आहे?"
नव्हता.
मी पेन्सिलीने आखला.

बैठक शाळेच्या व्यायामशाळेत,
बास्केटबॉलच्या रिंगखाली पडदा, पडद्यावर उतरता आलेख.
टुरिड सांगते, दुभाषा सांगतो:
"एका पेटीत पूर्वी नऊ मासे मावायचे. आता एकवीस मावतात."
मागून कोणीतरी, "म्हणजे वाढलेच की!"
हशा.
मीही हसले. आमच्या बोटीचं इंजिन,
मालीनाचे हिवाळी बूट, आजीच्या विमानाचं तिकीट
सगळं त्या एकविसांतूनच आलंय.

मामा बैठकीत एक अक्षर बोलला नाही.
रात्री साडेअकराला, लख्ख उन्हात, दारात उभा.
खिशातून काडेपेटी काढली.
आत कापसावर दोन खडे, जुन्या दातांसारखे पिवळे.
"आईने ठेवले होते. मी ओढलेला पहिला मासा.
स्लेजच्या मागे शेपूट बर्फावर घासत आली घरापर्यंत."

मी एकच कापला. दुसऱ्याला हात लावला नाही.
मोजलं. पुन्हा मोजलं. टुरिडला झोपेतून उठवलं.
त्या मोसमात पहिल्यांदाच आमचा आकडा जुळला:
एकतीस.
यंदाच्या चारशे अकरा पाकिटांत
एकोणिसाच्या पुढे कोणी नाही.

मामा बोटांची पेरं मोजत बसला.
"म्हणजे मी धरला तेव्हा तो माझ्या दुप्पट वयाचा."
"ती," मी म्हटलं. "एवढ्या मोठ्या सगळ्या माद्याच असतात.
अंडी घालणाऱ्या."
"ती," तो म्हणाला.
आणि बराच वेळ दुसरं काही नाही.

सकाळी त्याने दोरावरचे गळ मोजले,
दीडशे सोडवून डब्यात टाकले.
संध्याकाळी पाउलूस ते उसने मागायला आला.
मामाने दिले की नाही, मी विचारलं नाही.
आकड्यांची माणसं सगळंच विचारत नाहीत.

राहिलेला खडा मात्र परत काडेपेटीत गेला नाही.
दोन बोटांत धरून
मामा तो कानाशी लावून बसला होता,
बंद पडलेलं घड्याळ
अजून चालतंय का, बघावं तसा.