पाटीच्या अलीकडे

सात महिने समितीने
हिरव्याच्या छटेवर घालवले.
शेवटी ठरलं: मेपलचं पान,
खाली ‘हार्लन कॉर्नर्स आपलं स्वागत करतं’.
होता तो मेपल पार्किंगमध्ये गेला,
हे इतिवृत्तात नाही.

डेलबर्ट बँकेसमोर खड्डा खणू लागला
तर दोन फुटांवर पहार खणकन वाजली.
जुन्या पाटीचा काँक्रीटचा खुंट,
त्याच्याखाली त्याहून जुनीचा.
कुणी कुणाचं स्वागत केलं होतं कोण जाणे.
खांब त्याने चाळीस पावलं पुढे रोवला.

कपडे अल्टर करणारी हलीना
दुकानातून बाहेर आली,
ओठांत टाचण्या, गळ्यात टेप.
क्लीव्हलँडकडून येताना आता
आधी तिचं दार लागतं, मग पाटी.
‘म्हणजे मी आत की बाहेर?’
टाचण्यांमधून नीट ऐकू आलं नाही.
तिने त्या हातावर काढल्या, पुन्हा विचारलं.

डेलबर्टने तिचीच टेप मागून घेतली,
खांबापासून उंबऱ्यापर्यंत
उगाच काहीतरी मोजलं.
‘तुम्ही कुठून येता, त्यावर आहे.’

‘मागच्या दाराने,’ ती म्हणाली,
‘बावीस वर्षं.’