चार बोटं

घर टेकडीवरून खाली आलं त्याला आज नववा दिवस.
बैलांच्या अकरा जोड्या, चाळीस माणसं, एक दोर,
आणि आत फळीवर पालथ्या घातलेल्या बशा.
एकही फुटली नाही.
चिलोए बेटावर घर असंच जातं:
हाकेला गाव येतं, आणि संध्याकाळी
मटण, बटाटे खाऊन,
सफरचंदाची आंबूस दारू पिऊन
गाव आपापल्या घरी.

तार मात्र गावाला ओढता येत नाही.
ती देल्मिरोमामाने आदल्या दिवशीच उतरवली,
अंगठा ते कोपर, अंगठा ते कोपर अशी गुंडाळली,
आणि रात्री उशाशी ठेवली,
कवळीच्या पेल्याशेजारी.

आज वारा पडला.
एका टोकाला कोइग्वेचं झाड, दुसऱ्या टोकाला
फुटक्या होडीची डोलकाठी,
मधे वीस मीटर आकाश.
तारेच्या टोकांना बांधायला प्लॅस्टिकच्या नळीचे दोन तुकडे,
सॅमन पाळणाऱ्या कंपनीने टाकलेले,
भरतीने दारात आणलेले.
"कंपनीनं आपल्याला दिलेली एवढीच चांगली वस्तू,"
मामा म्हणाला,
आणि कवळीने गाठ आवळली.

मग गोफण.
जाळ्याचं शिसं, त्याला गळाचा दोरा.
पहिलं शिसं बार्रियाबाईंच्या कोंबड्यांत.
दुसरं कुठे गेलं देव जाणे.
तिसरं फांदीत अडकलं, अजून तिथेच आहे.
चौथं मी मारलं.
मामा काही बोलला नाही.
दोरा हव्या त्याच बेचक्यातून पलीकडे उतरला,
हळू, डुलत,
जसा कोळी छतावरून उतरतो.

ओढलं. तार उठली.
थोडा झोळ ठेवायचा असतो.
झाड हलणार, डोलकाठी हलणार नाही,
मधल्याने ढील द्यायची.

"झुनिल्दा, किती?"
"तीन."
"तीन कसे? तार तीच आहे. वर दीडच्या खाली होती."
तार तीच आहे, मामा.
पण इथे भरतीचं पाणी अंगणाखालून जातं,
झाड ठेंगणं,
ओली माती तारेच्या फार जवळ आली आहे,
आणि तार आहे त्याहून लांब
असल्यासारखी वागते.

मी पक्कड पुढे केली. "कापू?"
"कापतेस कशाला? दुमड."
दोन्ही टोकं खाली घेतली,
चार बोटं मागे वळवली, तिच्याच अंगावर पीळ दिला.
अडीच.
पुन्हा खाली, पुन्हा चार बोटं, पुन्हा वर.
दोन.
तळहाताला दोराचा वळ.
मग नुसती दोन बोटं.
दीड.
"पुन्हा कधी घर हललं," तो म्हणाला,
घराकडे न बघता,
"तर उलगडता येईल."

स्वयंपाकघरात एर्सिलियामामी खुर्चीत बसून बटाटे किसत होती.
पूर्वी उभी राहून किसायची.
इथून दवाखाना एकशे दहा पावलं, चढ नाही.
तिने मोजलीत.
गुडघ्यांबद्दल कोणी बोलत नाही.

तीन वाजता मामाने रेडिओ लावला.
टेकडीवरून त्याला न्यूझीलंड यायचं,
एकदा पहाटे जपान.
त्या माणसाचं कार्ड अजून आरशाच्या चौकटीत आहे.
आज नुसती खरखर.
त्याने बटण थोडं फिरवलं, थोडं परत आणलं,
आणि खरखरीतून, अगदी टेबलाशी बसल्यासारखी,
मेलिंकाची रोसामेल:
"देल्मिरो? वर्षानुवर्षं मला तुझं अर्धंच नाव यायचं.
केलंस काय?"

त्याने बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.
"खाली आलो," म्हणाला.

"आणि मागे ते काय वाजतंय?"
"एर्सिलिया. बटाटे किसतेय."
मामीचा हात थांबला.
"थांबवू नकोस तिला," रोसामेल म्हणाली,
"छान ऐकू येतंय."