काखेत घट्ट

ग्रिम्सबीच्या जुन्या थिएटरात
दर नोव्हेंबरात एकदा तो सिनेमा लागतो.
लोक येतात ते नायकासाठी नाही.

नायक बिचारा दोन तास बोलतो.
त्याला आई आहे, शपथ आहे, जखम आहे,
सगळं आपल्याला सांगून टाकलेलं.

हा येतो चौपन्नाव्या मिनिटाला.
शिंपल्यांचा कोट, अर्धा चेहरा निळा.
जिन्यावर उभा राहतो. हात खालीच.
एक शब्द नाही.
मग कुणीतरी ढकलतं, आणि संपला.
श्रेयनामावलीत नुसतं : पहारेकरी, तिसरा.

पण तो आला की अख्खं थिएटर उठतं.
पुढच्या रांगेत सात निळे चेहरे,
त्यातला एक माझा सुश्रुत,
घरभर शिंपले सांडून आलेला.
‘आई, बघ, हात उचलतच नाही तो.
गरजच नाही त्याला.’

माझ्या शेजारी डोरीन, वय ब्याऐंशी.
कोट तिनं शिवलेला,
बापाच्या बोटीवरच्या मेणकापडावर
तीनशे बारा शिंपले, रात्री जागून.
थर्मासचं झाकण फिरवत हळूच म्हणाली,
‘काखेत घट्ट झाला होता गं.
हात वर केला असता तर
टर्रकन उसवला असता.
पोरगा शहाणा. श्वाससुद्धा बेतानं घेत होता.’

मी सुश्रुतला काही सांगितलं नाही.

तो कोण, कुठला, कुणाचा,
सिनेमानं विचारलंच नाही.
म्हणून तर जो तो आपापला माणूस
त्या कोटात घालून बघतो.

बाहेर बोचरा वारा, बसस्टॉपवर आम्ही दोघं.
तो अजून हात खाली धरून उभा.
टोपी उडाली,
तरी उचलला नाही.