अर्ध्या वाक्यात

जून आहे. वार्डोत रात्र होत नाही.
बाराच्या सुमाराला सूर्य डिझेलच्या टाक्यांवर येऊन टेकतो,
जरा रेंगाळतो आणि परत वर चढतो,
काहीतरी विसरल्यासारखा.
खिडकीला मी घोंगडी ठोकली आहे.
अंधाराचं पुस्तक उजेडात वाचवत नाही.

सातवा खंड. शेवटचा.
नऊशे बारा पानं, वर प्लॅस्टिकचं कव्हर,
आत गुरुवारची तारीख.
गुरुवारी ओद्वारची पुस्तकांची बस येईल,
मासळीच्या कारखान्यासमोर वीस मिनिटं थांबेल.
त्याच्या यादीत माझ्यामागे पाच जण आहेत,
त्यातला एक पाद्री.

पहिला खंड वाचला तेव्हा मी तेरा वर्षांची,
बाबांच्या बोटीत, जाळ्यांच्या ढिगावर,
पानं मिठाने फुगलेली.
तेव्हाच भेटला तो,
राखेच्या किल्ल्याच्या वेशीवरचा एका कानाचा पोरगा.
त्याला नाव नव्हतं. सगळे 'कडी' म्हणत,
कडी काढायचा, कडी लावायचा, म्हणून.

पुढे राणीने लोकांच्या सावल्या कापून गोदामात टांगल्या,
भाऊ भावाला विकून मोकळा झाला,
तिसऱ्या खंडात अख्खं शहर एका रात्रीत मुकं झालं.
कडीने मात्र दर खंडात एकदा तरी दार उघडलं.
कधी दोन ओळी, फार तर पाऊण पान.
खरं सांगते, मी त्याच्यासाठी वाचत आले,
लग्नात, घटस्फोटात,
आणि लेखिकेने अकरा वर्षं एक ओळ दिली नाही तेव्हा
जुनेच खंड पुन्हा पुन्हा.

आज पान आठशे सत्तर.
ढाली, धूर, घोड्यांच्या आतड्यांवरून घसरणारी माणसं,
आणि दोन स्वल्पविरामांच्या मध्ये:
'वेस पडली, कडी मेला, आणि राणी जिना चढू लागली.'

बस्स.
मी वर पाहिलं. घोंगडीच्या भोकातून
उन्हाची एक सुई भिंतीत रुतलेली.
पुन्हा वाचलं. तेच.
एकोणतीस वर्षं आणि दोन शब्द.
राणीला नुसता जिना चढायला सहा पानं!

उठले. कॉफी केली. प्यायले नाही.

बंदराची वही माझ्याकडे असते.
कुठली बोट आली, किती डिझेल भरलं, वारा कुठला.
नऊ वर्षांपूर्वीचं एक पान माझ्याच अक्षरात आहे:
'चारशे लिटर, बोट आली, हालवार आला नाही, वारा ईशान्य, बर्फ नाही.'
हालवार म्हणजे बाबा.
अक्षर नीट आहे, कुठे हललेलं नाही.
दुसरं काय लिहिणार होते?
रकाना तेवढाच होता,
आणि मागे पुढची बोट भोंगा देत होती.

परत येऊन बसले तेव्हा कुठे दिसलं.
त्या ओळीशेजारी, समासात, पेन्सिलीने,
माझ्याआधीच्या कुणीतरी, बोट्सफियोर्डचं असेल, नाहीतर बर्लेवोगचं,
इतकं दाबून लिहिलेलं की मागच्या पानावर उठलंय:
'एवढंच?'

आधी खोडरबर शोधला. नव्हता.
पेन्सिल होती.
त्याच्याखाली मी लिहिलं:
'वारा ईशान्य. बर्फ नाही.'

ओद्वार रागावेल. रागावू दे.
अजून बेचाळीस पानं आहेत.