सातवा प्रश्न

फॉर्मवरचा सातवा प्रश्न
जटलँडच्या या दवाखान्यात सगळ्यांनाच विचारतात:
गेल्या वर्षभरात
तुमचा डुकरांशी संबंध आला होता का?

वियोरिका हसली. कळ येत होती, तरी हसली.
संबंध?
सकाळी सहा ते तीन, रविवार धरून,
अकराशे आयांशी.

गिट्टेने पेन खाली ठेवलं,
नाकातून कापसाचा बोळा फिरवून नेला
आणि मग दारावर पिवळा कागद,
निळे झगे, हातमोजे.
नेलूला म्हणाले, तुम्ही बाहेर, तुमचंही तपासायचंय.
तिच्या नाकात बिऱ्हाड केलं होतं एका जिवाने
जो पेनिसिलिनला जुमानत नाही
आणि त्याच्या पुढच्या तिघांनाही नाही.
तिला त्याने काही केलं नव्हतं.
शेजारच्या खोलीत
कालच खुब्याचं हाड बदललेल्या म्हाताऱ्याला
करू शकतो, गिट्टे म्हणाली.
रागाने नाही. हवामान सांगावं तसं.

आपल्या भाषेत बाई बाळंत होते,
जनावर वितं.
वियोरिकाच्या रोमानियनमध्येही असे दोन शब्द आहेत.
त्यांच्यामधे भिंत आहे असं तिला वाटायचं
शेडवर पहिली रात्रपाळी लागेपर्यंत.

चार हजार चारशे एकाहत्तर.
कानात पिवळा बिल्ला.
विण्याच्या आदल्या रात्री
काँक्रीट उकरत होती.
पुढचा पाय, पुन्हा पुढचा पाय,
तोंडाने नसलेलं गवत गोळा करून
नसलेल्या खड्ड्यात रचत होती.
कूस बदलायला जागा नाही, तरी घरटं.
हिला काय हवंय, वियोरिकाने विचारलं.
काही नाही, प्रेबेन म्हणाला, सवय असते त्यांना.
प्रेबेन वाईट नाही.
त्याची मुलगी मांस सोडून बसलीय,
तिच्यासाठी तो बटाटे वेगळ्या तव्यावर परततो.

सड चौदा, पिल्लं एकोणीस.
एक मेलेलंच.
दोन दुसरीच्या अंगावर लावायची.
उरली दोन, हडकुळी.
मागचे पाय धरून, फरशीवर, एकाच फटक्यात.
डोळे मिटायचे नाहीत,
मिटले की नेम चुकतो
आणि मग दुसऱ्यांदा करावं लागतं.

मारामुरेशला घरी
वर्षाला एकच डुक्कर असायचं.
नाव ठेवायचं नाही असं ठरायचं, आणि ठेवलं जायचंच.
वीस डिसेंबरला बाप सुरी परजायचा
आणि धाकट्या वियोरिकाला शेजारी पाठवायचा:
ज्याला हळहळ वाटते त्याने अंगणात थांबू नये,
जनावराचा जीव अडकतो.
ती कुंपणाआड कान झाकून उभी राहायची
आणि रात्री सॉसेज खायची. आवडीने.
मग इथे,
जिथे हळहळायला कुणाला वेळच नाही,
अकराशे जीव सरळ सुटत असतील?
की जातात कुठेतरी अडकायला,
एखाद्या नाकात, एखाद्या जखमेत?
असलं काही तिने नेलूला सांगितलं नाही.
तापात सुचलं असं तो म्हणाला असता.

संध्याकाळी ताट आलं.
झाकणाखाली भाजलेलं डुक्कर, कुरकुरीत कातडीसकट,
वर तपकिरी रस्सा.
तिला भूक होती. बटाटे खाल्ले.
रस्सा बटाट्यांना लागलेलाच होता.

रात्री दोनला गिट्टेने काचेतून पाहिलं:
बाई खाटेवर नव्हती.
कोपऱ्यात, जमिनीवर,
उशा, टॉवेल, नेलूचा कोट, दोन्ही चादरी
गोल गोल ओढून घेत होती,
टोकं आत खोचत होती, परत उपसत होती.
काय हवंय तुम्हाला? मास्कमधून आवाज आला.
वियोरिकाने मान वर केली.
सवय, म्हणाली.

चार वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली.
पहिल्या दुधाआधी तिच्याही नाकात
बोळा फिरला, अगदी बारीक.
ती शिंकली.

बाळाचाही वेगळा फॉर्म असतो.
सातवा प्रश्न तोच.
वियोरिकाने लिहिलं, हो.
कधीपासून, या पुढच्या चौकटीवर
पेन बराच वेळ उभं राहिलं.