समुद्रासमोरची खोली

चपलेच्या शिवणीतून अजून वाळू पडते.
आटपाडीत, मोरीच्या कडेला, आज आठवा दिवस.
झाडून टाकत नाही मी.

पोरानं तिकिटं काढली. म्हणाला, बापानं जन्मभर
कोइमतूरच्या बोळात सोनं गाळलं,
एकदा मोकळ्यावर घेऊन जा त्याला.
मग विमान, मग बोट, बोटीत मी दोनदा ओकले,
आणि अंदमानातलं ते बेट,
नाव मला अजून नीट घेता येत नाही.
झावळ्यांचं छप्पर, निळं दार,
दारापासून बावीस पावलांवर समुद्र.
(मी मोजली. ओहोटीला एकशेचाळीस.)

न्हाणीघरात पाटी होती:
गोडं पाणी जपून वापरा, टँकर एक दिवसाआड.
वाचून मी तिथंच पाटावर बसून हसले.
हे बाहेरून म्हणाले, काय झालं?
म्हटलं, काही नाही. घरीच आलोय.

फुलमनी म्हणून एक बाई खोल्या झाडायला यायची,
आजा तिचा रांचीकडून आलेला, जंगल तोडायला.
दुसऱ्या दिवशी तिनं बादलीत वाकून पाहिलं,
निम्मी शिल्लक, आणि दोघांच्या आंघोळी झालेल्या.
माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं,
दीदी, तुमचं गाव कुठल्या बेटावर आहे?

ह्यांचं नाक गेलंय. तेजाबाच्या धुरानं,
वीसेक वर्षं झाली.
आमटी करपली तरी शेजारीण हाक मारते तेव्हा कळतं.
पहिल्या संध्याकाळी पायरीवर बसून म्हणाले,
वास कसा येतो गं समुद्राला?
मला सांगता येईना.
म्हटलं, ओल्या पोत्यासारखा.
मग म्हटलं, बाळंतिणीच्या खोलीसारखा. नाही, तसा नाही.
ते थांबून राहिले,
भट्टीपुढं मुशीतला रंग बदलायची वाट बघतात तसे.
शेवटी म्हटलं, तुमच्या शर्टाला यायचा ना,
दिवाळीला घरी आलात की, पहिल्या रात्री,
तसा. थोडा.
त्यावर काही बोलले नाहीत.
अंधार पडला, दिव्याभोवती किडे आले, आम्ही बसून होतो.

पहाटे जाग आली तर अंथरुणात नाहीत.
बघते तर पार तिकडं ओहोटीला,
विजार गुडघ्यापर्यंत, हातात लॉजची स्टीलची ताटली.
वाळू घेतात, पाणी घेतात, गोल फिरवतात,
वरची सांडतात, पुन्हा फिरवतात.
सराफांच्या दुकानातला केर हे विकत घ्यायचे,
गोणीवर, नुसत्या अंदाजानं,
तो असाच धुवायचे, आणि त्यातनं आमचं घर निघालं:
वरचा स्लॅब, पोराची फी,
चारशे फूट बोअर, कोरडी.
पोहायला आलेले दोन गोरे थांबून बघत होते.
मी विचारलं, काय घावलं?
ताटलीच्या काठाला काळी बारीक रेघ होती.
लोखंडाचा कीस, म्हणाले, बाकी शिंपल्यांचा चुरा.
आणि खुशीत होते.
लग्नानंतर इतके खुशीत मी त्यांना
फक्त घराची वास्तुशांत झाली तेव्हा पाहिलं होतं.

निघताना फुलमनीनं परसातला नारळ दिला.
विमानात नेऊ देत नाहीत म्हणे,
तर धक्क्यावरच फोडला, पाणी दोघांनी प्यालो,
खोबरं बोटीवरच्या एका पोराला दिलं.
पत्ता घ्यायचा राहिला तिचा.

आज नळ सुटायचा दिवस.
हे मोरीशी उकिडवे बसले होते,
कॅलेंडरच्या पानात माझ्या चपलेतली वाळू
बोटाच्या टोकानं गोळा करत.
म्हटलं, धुऊन बघता की काय?
नको, म्हणाले, राहू दे अशीच.
धुतलं की वजन उतरतं.

गल्लीत हंडे वाजायला लागले होते.
मी पळाले.